मुद्दा क्रमांक चौदा

नळकाकांचा फोन सलग नऊ दिवस वाजला नाही, तेव्हा दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातला जुना फोन काढला आणि स्वतःलाच फोन लावला. फोन व्यवस्थित वाजला. नळकाकांनी तो उचललाही. "हॅलो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या कानात आपलाच "हॅलो" ऐकून इतके ओशाळले की दोन्ही फोन खाली ठेवून खिडकीबाहेर कोणी पाहिलं तर नाही ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. बिघाड फोनमध्ये नव्हता.

नळकाका पेशानं प्लंबर. बत्तीस वर्षं त्यांनी आसपासच्या चार-पाच रस्त्यांवरचे नळ, सिंक आणि संडासाच्या टाक्या सांभाळल्या होत्या, आणि त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती एक लेक नोकरीसाठी रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांब शहरात राहत होती आणि दर रविवारी सकाळी न चुकता फोन करत होती, चार मिनिटं.

खरं सांगायचं तर नळकाकांना कामापेक्षा काम संपल्यावरचा चहा हवा असे. हात धुऊन, गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात स्टुलावर टेकायचं, आणि मग कोणीतरी विचारायचं, "काय म्हणते मुलगी?" दिवसाला तीन घरं झाली की तीनदा बोलणं व्हायचं, आणि तेवढ्या शिदोरीवर संध्याकाळ निघून जायची. घरी आल्यावर भिंती अंगावर येत नसत. पण त्या भागात एक ॲप सुरू झालं. बोट टेकवलं की निळा शर्ट घातलेला माणूस दारात हजर. तेव्हापासून नळकाकांच्या भिंती सकाळीच अंगावर यायला लागल्या होत्या.

रविवारी त्यांनी हे लेकीला सांगितलं. भिंतींचं नाही, फोनचं.

"बाबा, तू ब्लॉग लिही," लेक म्हणाली.

"काय लिहू?"

"ब्लॉग. इंटरनेटवरची वही समज. तुझ्या कामाबद्दल लिहायचं त्यात."

"आणि ती वही वाचणार कोण?"

"ज्याचा नळ गळतोय तो. हल्ली लोक आधी फोनमध्ये शोधतात आणि मग माणूस बोलावतात. तुझं लिखाण सापडलं की तू सापडलास. सगळे छोटे धंदेवाले करतात हे. मार्केटिंग म्हणतात याला."

"बरं. तुझ्याकडचा नळ गळला तर तू काय करतेस?"

"मी? ॲपवरून बोलावते. अर्ध्या तासात येतो, एक शब्द बोलत नाही, काम करतो आणि जातो. फार बरं पडतं."

बत्तीस वर्षं नळ दुरुस्त केलेल्या बापाच्या पोटच्या पोरीकडचा नळ कुणीतरी मुका माणूस येऊन दुरुस्त करून जातो, हे नळकाकांना चांगलंच लागलं. पण चार मिनिटांत रुसायला वेळ नसतो.

"आणि एक लक्षात ठेव," लेक म्हणाली. "थोडं सांगायचं, थोडं हातचं राखायचं. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की माणूस जाणकार आहे, यालाच बोलावू. आणि शेवटी तुझा नंबर टाक. चल, ठेवते."

तिनं दुरूनच ती वही उघडून दिली आणि नळकाका लिहायला बसले. एका बोटानं, चष्मा कपाळावर, 'नळ का गळतो?' एवढं लिहायला त्यांना अकरा मिनिटं लागली. आणि मग बांध फुटला.

झालं असं होतं की बत्तीस वर्षांत नळकाकांना हे कोणी विचारलंच नव्हतं. लोक विचारायचे, "किती वेळ लागेल?", "किती घेणार?" नळ का गळतो, हे जाणून घ्यायची गरज कुणालाच वाटली नव्हती. बायको ऐकायची, पण ती भाजी निवडता निवडता ऐकायची. आता पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसून, मान हलवत, ऐकतंय असं त्यांना वाटलं. हातचं राखायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. राखणार तरी कोणापासून? एवढ्या मुश्किलीनं ऐकणारा मिळाला होता.

त्यांनी एकूण चौदा मुद्दे लिहिले. मुद्दा एक: आधी घराचा मुख्य कॉक बंद करा. मुद्दा दोन: मग नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या. मुद्दा तीन: सिंकच्या भोकावर फडकं ठेवा, नाहीतर स्क्रू आत पडेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. पाना कुठल्या मापाचा घ्यावा, तो कुठल्या हातात धरावा, नळाच्या पोटातला वॉशर कसा ओळखावा, पांढऱ्या टेपचे वेढे सातच का द्यावेत, सहा का नाही आणि आठ का नाही, सगळं. मुद्दा तेरा: जुना वॉशर लगेच फेकून द्या, ठेवला तर चुकून तोच परत बसवाल. आणि मुद्दा चौदा, लेकीनं सांगितल्याप्रमाणे: तरीही नळ गळत असेल तर मला बोलवा. खाली नंबर.

सगळं मार्केटिंग त्या चौदाव्या मुद्द्यात होतं. दुर्दैव एवढंच की पहिले तेरा मुद्दे इतके चोख होते की चौदाव्यापर्यंत पोचायची पाळी कुणावर येईना.

पहिल्या दिवशी अकरा जणांनी वाचलं. मग ते लिखाण कुणीतरी एका इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते दुसऱ्या इमारतीत गेलं, आणि आठवड्यात आकडा तीन हजारांवर पोचला. सोमवारी सकाळी फोन वाजला. नळकाकांनी तो उचलायच्या आधी पायात चपला घातल्या आणि खांद्याला हत्यारांची पिशवी लावली.

"नळकाका का? अहो, तुमचे आभार मानायला फोन केला. नळ गळत होता चार महिने. काल तुमचं वाचून मी स्वतः केला दुरुस्त!"

"अरे वा," नळकाका म्हणाले. "दुसरा एखादा असेल ना गळत?"

"दोन होते. तेही केले."

नळकाकांनी पिशवी उतरवली. चपला मात्र दुपारपर्यंत तशाच राहिल्या पायात, उगाच आशेवर.

त्यानंतर फोनला उसंत नव्हती. पाना कुठला घेऊ, कॉक डावीकडं फिरवू की उजवीकडं, वॉशर काळा बरा की पांढरा. नळकाका एकेकाला प्रेमानं समजावत आणि शेवटी विचारत, "येऊन बघू का एकदा?" आणि पलीकडचा दर वेळी म्हणे, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास!"

एका भल्या सकाळी एका तरुणाचा फोन आला. मागं धबधब्यासारखा आवाज येत होता.

"काका, पाणी थांबतच नाहीये! छतापर्यंत उडतंय!"

"मुद्दा एक केलास का?"

"मी दोनपासून सुरू केलं."

"का रे बाबा?"

"एक फारच सोपा वाटला."

"मुख्य कॉक कुठाय घराचा?"

"तेच तर तुम्ही लिहिलं नाही!"

"तुझ्या घराचा कॉक कुठाय हे मी कसं लिहू? थांब, पत्ता सांग, दहा मिनिटांत पोचतो मी." नळकाकांचा एक हात बाहीत गेला होता.

"नको नको, येऊ नका, घरात पाय ठेवायला जागा नाहीये. तुम्ही फक्त बोलत राहा. तुमचा आवाज ऐकला की धीर येतो."

मग नळकाका एक हात बाहीत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत तासभर बोलत राहिले. कॉक सापडला, नळ बसला, तरुणानं "काका, तुम्ही देवमाणूस आहात" असं म्हणून फोन ठेवला. घरात पुन्हा सगळं चिडीचूप झालं. आयुष्यात इतकी माणसं त्यांच्याशी कधी बोलली नव्हती आणि इतके दिवस त्यांनी कुणाचं तोंडही पाहिलं नव्हतं. हे नेमकं काय झालं, ते त्यांना कळेना.

"बाबा, नऊ हजार वाचक!" रविवारी लेक म्हणाली. "तू तर प्रसिद्ध झालास."

"वाचक आले गं. गिऱ्हाईक कुठाय?"

"येईल, येईल. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. तू लिहीत राहा. आता दुसऱ्या कामावर लिही."

म्हणून नळकाकांनी तुंबलेल्या सिंकवर लिहिलं. पुढच्याच आठवड्यात तुंबलेल्या सिंकचं काम येण्याची आशाही संपली. मग संडासाच्या टाकीवर लिहिलं, टाकीच्या कामाचीही आशा गेली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक जगात पुष्कळ असतात, पण धोंडा नेमका पायावरच पडावा म्हणून नेम कसा धरावा, हे मुद्देसूद लिहून ठेवणारे नळकाका एकटेच.

शेवटी त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'काही कामं स्वतः करू नयेत. जाणत्या माणसाला बोलवावं.' पालथ्या घड्यावर पाणी. खाली शेकड्यानं उत्तरं आली, "किती हा विनय!", "काका, तुम्ही इतकं छान शिकवता की भीतीच उरली नाही", आणि एकानं तर विचारलं होतं, "गरम पाण्याच्या गिझरवर कधी लिहिताय?"

मन रमवायला ते वॉशरशेठच्या दुकानात गेले. वॉशरशेठ म्हणजे कोपऱ्यावरचा नळ-पाइपचा दुकानदार. पूर्वी त्याच्याकडं दुपारी चिटपाखरू नसायचं आणि दोघं काउंटरला टेकून तासन् तास गप्पा मारायचे. आज दुकानात रांग होती. काउंटरवर पिशव्यांचा ढीग होता, आणि प्रत्येक पिशवीवर नळकाकांचा फोटो. वर लिहिलं होतं, 'नळकाका संच'. आत एक पाना, सहा वॉशर, पांढरी टेप आणि छापील तेरा मुद्दे.

"तेराच का रे?" नळकाकांनी विचारलं.

"कागदात तेवढेच बसले," वॉशरशेठ म्हणाला. "चौदावा तसा काही उपयोगाचा नव्हता."

"अरे, उपयोगाचा तोच होता!"

"बस ना, चहा मागवतो. नाहीतर असं कर, उभाच राहा इथं थोडा वेळ. तू दिसलास की माल पटापट जातो." आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. नळकाका पाच मिनिटं स्वतःच्या फोटोशेजारी उभे राहिले. चहा आला, पण वॉशरशेठला प्यायला फुरसत नव्हती, आणि एकट्यानं चहा प्यायचा तर तो घरीही मिळत होता.

त्या आठवड्यात नळकाकांनी घरातले सगळे नळ उघडून परत बसवले. न्हाणीघरातला, स्वयंपाकघरातला, बाल्कनीतला. तिन्ही नळ ठणठणीत होते. एकाही नळानं थेंबाएवढी तक्रार केली नाही. बाल्कनीतल्या नळाचा वॉशर त्यांनी दोनदा बदलला आणि मग पाना हातात धरून ते बराच वेळ नुसतेच बसून राहिले. बायको असती तर म्हणाली असती, "अहो, त्या बिचाऱ्याला सोडा आता." तेवढं म्हणायला कोणीतरी असायला हवं होतं.

आणि पुढच्या सोमवारी एक्स्चेंजबाईंचा फोन आला.

एक्स्चेंजबाई म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाई. वय सत्तरीच्या पुढं. पस्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लांबच्या गावाला बोलायचं तर आधी नंबर नोंदवून वाट बघावी लागे आणि बोलणं तीन-तीन मिनिटांच्या हप्त्यांनी मिळे, त्या काळात अर्ध्या शहराची सुखदुःखं त्यांनी आपल्या हातानं जोडून दिली होती. आवाज अजून तसाच, स्वच्छ आणि हुकमी. दोन महिन्यांपूर्वी, ब्लॉग सुरू व्हायच्या आधी, नळकाकांनी त्यांच्या सिंकच्या नळाचा वॉशर बदलला होता.

"नळकाका, नळ गळतोय."

एवढ्या दिवसांत नळकाकांना सवयच अशी लागली होती की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मुद्दा एक केलात का? मुख्य कॉक बंद करा, मग मी फोनवर सांगतो पुढचं."

"फोनवर मी पस्तीस वर्षं बोलले," एक्स्चेंजबाई म्हणाल्या. "आता पुरे. तुम्ही या."

नळकाका जिना चढले तेव्हा त्यांच्या छातीत धडधडत होतं, आणि त्याला फक्त तीन मजले कारण नव्हते. बाईंनी दार उघडलं. घर लख्ख होतं. टेबलावर दोन कप आधीच मांडून ठेवले होते, बशांसकट. सिंकमध्ये नळ टप टप गळत होता.

"कधीपासून?"

"आज सकाळपासून. अचानक."

नळकाकांनी मुख्य कॉक बंद केला, नळ उघडून पाणी जाऊ दिलं आणि पाना लावला. नट जरा जास्तच सहज फिरला. आतली दांडी बाहेर काढली, तेव्हा त्यांची नजर टेपवर गेली. टेप त्यांनी गुंडाळलेली नव्हती. ते टेप घाईनं गुंडाळत. बत्तीस वर्षांत हाताला तसंच वळण पडलं होतं. ही टेप अगदी नीट, कडेला कड लावून गुंडाळलेली होती. त्यांनी ती उलगडली. वेढे मोजले. बरोबर सात.

मग त्यांनी वॉशर काढून उजेडात धरला. त्याच्या कडेला नखाएवढी चीर होती. ती चीर त्यांच्या ओळखीची होती. दोन महिन्यांपूर्वी याच खिडकीपाशी उभं राहून त्यांनी ती बाईंना दाखवली होती, "हा बघा, इथून निसटतंय पाणी," आणि वॉशर ओट्यावर ठेवून दिला होता. तेव्हा तेरावा मुद्दा अजून लिहिला गेला नव्हता.

नळकाकांनी नवीन वॉशरसाठी पिशवीत हात घातला आणि वर पाहिलं. फळीवर साखरेच्या डब्याआडून नळकाकाच त्यांच्याकडं बघत होते. 'नळकाका संच'. पिशवीचं तोंड फाडलेलं, आणि पाना पुन्हा आत सरकवण्याच्या घाईत अर्धा बाहेर राहिलेला.

त्यांनी मागं वळून पाहिलं. एक्स्चेंजबाई शाळेत डबा लपवताना सापडलेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या. सत्तरीत तसं उभं राहणं सोपं नसतं.

"वॉशर गेलाय," नळकाका म्हणाले.

"जातात हो," बाई म्हणाल्या.

"दोन महिन्यांत?"

"वापरणारं माणूस एकच असलं तरी जातात."

नळकाकांनी मान हलवली. जे काम ते सहा मिनिटांत करत, त्याला त्या दिवशी पाऊण तास लागला. त्यांनी दांडी पुसली, पुन्हा पुसली, नटाचे आटे तपासले. तोवर बाई बोलत राहिल्या. एकदा एका माणसाचा फोन लावता लावता दुसऱ्याशी जोडला गेला आणि दोघांनी चूक लक्षात येईपर्यंत दहा मिनिटं एकमेकांची विचारपूस केली, ते सांगितलं. हल्ली त्यांना कोणी फोनच करत नाही, तेही सांगितलं. "सगळे मेसेज टाकतात. भाचे टाकतात, शेजारीण टाकते. जेवलात का, म्हणून विचारतात. मेसेजला आवाज नसतो हो. मी आपली जेवले म्हणून लिहिते."

नळ बसला. थेंब थांबला. घरात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत बाईंचा चेहरा उतरला.

"झालं पण?"

"हा झाला," नळकाका म्हणाले. "न्हाणीघरातलाही बघायला लागेल."

"तो चांगला आहे."

"चांगले असतात तेच दगा देतात. आज नको, गुरुवारी येतो." आणि त्यांनी तो चीर पडलेला वॉशर कचऱ्यात टाकला नाही. फळीवर एक बशी होती, तिच्यात अलगद ठेवला. "हा फेकू नका हं."

"पण तुम्हीच तर लिहिलंय, मुद्दा तेरा..."

"लिहिणाऱ्याला काय कळतंय!"

चहा झाला. नळकाकांनी लेकीबद्दल सांगितलं, निळ्या शर्टातल्या मुक्या माणसाबद्दलही सांगितलं, जे त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मग पिशवी उचलून ते उठले. तेव्हा एक्स्चेंजबाई एकाएकी ताठ बसल्या आणि त्यांच्या त्या जुन्या, स्वच्छ, हुकमी आवाजात म्हणाल्या,

"तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

नळकाकांनी पिशवी परत खाली ठेवली. "वाढवा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळकाकांनी वही उघडली आणि तेरावा मुद्दा खोडला. त्या जागी एका बोटानं लिहिलं: 'जुना वॉशर फेकू नका. जपून ठेवा. घरात एकटे असाल तर नक्कीच ठेवा.'

दुपारपर्यंत दोन फोन आले. पहिला एका निवृत्त मोजणीदाराचा होता. त्याचा सिंक, त्याच्याच शब्दांत, "तुंबलेला नाही, पण तुंबण्याच्या विचारात" होता. दुसरा फोन छतापर्यंत पाणी उडवणाऱ्या तरुणाचा.

"काका, आई तिच्या घरी एकटी असते. तिकडं नळ गळत नाही तसा. पण तुम्ही एकदा बघून याल का?"

"नळच बघायचा ना?"

"हो. म्हणजे, नळ आणि आई."

नळकाकांनी पत्ता लिहून घेतला. ज्या धंद्यासाठी तो ब्लॉग काढला होता, तो धंदा आता सुरू झाला होता. फक्त नळांचा त्याच्याशी संबंध थोडा कमी उरला होता.

रविवार नव्हता, गुरुवारही उजाडायचा होता, आणि मधल्याच दिवशी लेकीचा फोन आला. अवेळी फोन म्हटल्यावर नळकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बरी आहेस ना गं?"

"मी बरी आहे. बाबा, हे काय लिहून ठेवलंयस तू? जुना वॉशर जपून ठेवा? असं कोणी लिहितं का?"

"मार्केटिंग आहे ते."

लेक हसली. मग हसायची थांबली, आणि पलीकडून काहीच ऐकू येईना. नळकाकांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला. चार मिनिटं केव्हाच उलटली होती.

"बाबा, माझ्याकडचा नळ गळतोय."

"मग तो ॲपवाला?"

"तो बोलत नाही रे."

नळकाकांच्या जिभेवर 'आधी मुख्य कॉक' एवढं आलं होतं. नऊ हजार माणसांना सांगून सांगून ते जिभेवरच राहायला आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"तेरा मुद्दे केलेस का?" त्यांनी विचारलं.

"एकपण नाही. थेट चौदाव्यावर आलेय."

चौदाव्यावर येणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं, आणि ते घरचं होतं. नळकाकांना चष्मा काढून पुसावा लागला.

"खरंच गळतोय ना गं? एवढा रात्रभराचा प्रवास करून येणार मी."

"तू गाडीत बसलास की गळायला लागेल," लेक म्हणाली.

एक्स्चेंजबाईंना फोन करून नळकाकांनी गुरुवारचा सोमवार केला. ("नोंद घेतली," बाई म्हणाल्या. "मुलीशी बोलताना घड्याळ बघू नका.") मग त्यांनी पिशवी भरली. पाना घेतला, टेप घेतली, लेकीला आवडतो तो चिवडा घेतला. दार ओढता ओढता काहीतरी आठवून ते परत आत गेले, आणि बाल्कनीतल्या नळाचा काढून ठेवलेला जुना वॉशर त्यांनी आठवणीनं खिशात टाकला. लेकीकडं ठेवायला.